बोजा



मी गोदीत बोजा उचलतो. पाठीवरचा बोजा संध्याकाळी उतरतो. आज दुसऱ्या बोज्याबद्दल बोलायचंय. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा रकाना असतो, त्यातल्या बोज्याबद्दल.

महाड-पोलादपूरकडं सोसायटीचं कर्ज काढलं, की त्या रकान्यात बोजा चढतो. मग कर्ज फिटेस्तोवर जमीन गुपचूप विकायची कुणाची टाप नाही. पण बायको टाकली, पोरं टाकली, पोटगी थकवली, तर रकाना कोराच. म्हणजे सोसायटीचा पैसा तो पैसा, आणि त्याच जमिनीत नाचणी लावून वाकलेल्या बाईचा घास म्हणजे भीक?

माझ्या चुलतभावानं वहिनीला टाकलं. पोटगीचा हुकूम झाला, जुन्या १२५ कलमाखाली. आता ते १४४ झालंय. चार महिने पैसे आले, मग बंद. वॉरंट निघालं, तर हा मुंबईत खोली बदलून मोकळा. पुढं त्यानं हायवेलगतचा तुकडा विकला. त्या खरेदीखतावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. 'घरातली गोष्ट' म्हणून केली. वहिनी आज दुसऱ्याच्या शेतावर राबते. कविता लिहिणाऱ्या हातानंच मी तिची भाकर विकली. हे लपवायचं नाही, म्हणून छापतोय.

कायदा नव्हता का? होता. १२५ मध्ये पैसे थकल्यावर मागं धावायचं. पण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम २५ म्हणतं, फारकतीच्या किंवा विभक्त राहण्याच्या हुकुमाच्या वेळी, नाहीतर नंतरही, पोटगी ठरवताना कोर्ट नवऱ्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवू शकतं. जमीन असो की मुंबईतली मालकीची खोली. बौद्धांनाही हाच कायदा लागू. ज्या हिंदू कोड बिलातून हे कायदे निघाले ते रखडवलं गेलं, हे बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्याचं एक मोठं कारण होतं. त्यांनी खुर्ची सोडली. आपल्याला बहिणीसाठी एक अर्ज लिहिता येत नाही?

तर बायांनो, नुसती रक्कम मागू नका. मिळकतीवर बोजा मागा. नवऱ्याकडं काय आहे ते कळत नसेल, तर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सुप्रीम कोर्टानं दोन्ही बाजूंना उत्पन्न-मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावलंय. हुकूम हातात आला, की नक्कल घेऊन तलाठ्याकडं जा, फेरफार करून बोजा चढवा. नाहीतर पैसे मोजून जमीन घेणारा 'मला ठाऊकच नव्हतं' म्हणून सुटतो.

आणि पोरांनो, २० मार्चला आपण चवदार तळ्यावर जातो. त्याच महाडात २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली. बाईला पुरुषाच्या मुठीत ठेवणारी पोथी ती. तिथं जाळली, आणि आपण घरात जपून ठेवली.

पुढच्या खेपेला भाऊ खरेदीखत घेऊन सहीला आला, तर पेन खिशातच ठेवा. आधी विचारा, वहिनीचा बोजा कुठाय?

जय भीम.