रानावनातील चित्रण: कॅमेरा काम पाहून घ्या

लग्नसराई संपली की आपल्या व्हिडिओ शूटिंगवाल्या बांधवांचे कॅमेरे कपाटात जातात. पावसाळाभर हातावर हात ठेवून बसण्याची पाळी येते. नेमक्या याच दिवसांत राजमाची, हरिश्चंद्रगडाकडे डोंगरभटक्यांची रीघ लागते. पावसाळा सरला की ताडोबा, पेंचची सफारी सुरू होते. या हौशी मंडळींना आपल्या सहलीची चांगली फिल्म हवी असते. हे काम आपल्या कारागिरांनी जरूर घ्यावे. मात्र त्यासाठी हंगामाची सारी कमाई एका महागड्या कॅमेऱ्यात ओतण्याची जी घाई चालते, ती चुकीची आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुकानात गेल्यावर आपण पहिला प्रश्न विचारतो, "मेगापिक्सेल किती?" खरा प्रश्न वेगळाच आहे. ज्याचे चित्रण करायचे ते आपल्यापासून किती लांब असणार?

डोंगर चढणारा, नदीत उतरणारा माणूस हाताच्या अंतरावर असतो. तिथे छातीला किंवा हेल्मेटला बांधायचा छोटा ॲक्शन कॅमेरा उत्तम. २०२४ मध्ये आलेला गोप्रो हिरो १३ ब्लॅक वेगळ्या पेटीशिवाय १० मीटर खोल पाण्यात चालतो. पण याच कॅमेऱ्याने पन्नास मीटरवरचा वाघ टिपायला गेलात, तर पडद्यावर मांजरही दिसणार नाही. त्याची भिंग रुंद दृश्यासाठी असते.

लांबच्या प्राण्यासाठी झूम हवा. इथेही मोठ्या आकड्याला भुलू नका. निकॉनचा पी १००० हा २०१८ चा कॅमेरा १२५ पट झूम देतो. भर उन्हात तो कमाल करतो. परंतु जनावरे हिंडतात पहाटे आणि तिन्हीसांजेला. पूर्ण झूमवर त्याच्या भिंगाचे तोंड एफ ८ इतके बारीक होते आणि आतला सेन्सरही लहान आहे. सोनीच्या आरएक्स १० मार्क ४ या २०१७ च्या कॅमेऱ्याचा झूम फक्त २५ पट आहे. पण त्याचा सेन्सर सुमारे चौपट मोठा आणि पूर्ण झूमवर भिंग एफ ४, म्हणजे चौपट उजेड आत घेणारे. अंधुक उजेडात कोणाचे चित्र गिऱ्हाइकाला आवडेल, हे सांगायला नको.

कॅमेऱ्याइतकीच किरकोळ वस्तूंकडे नजर हवी. गडावर वाऱ्याने आवाज खराब होतो. माइकवर केसाळ टोपी घाला, ती स्वस्त असते. गडावर वीज मिळेलच असे नाही, म्हणून जादा बॅटऱ्या ठेवा. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने ४के चित्रण केले, तर तासाला ४५ जीबी जागा लागते. १२८ जीबीचे कार्ड तीन तासही पुरत नाही. कार्डावर व्ही ३० ही खूण पाहा आणि ते पक्क्या बिलानेच घ्या. बाजारात नकली कार्डे मुबलक आहेत आणि फसल्याचे कळते ते काम वाया गेल्यावर. "पावसाचे शिंतोडे सोसणारा" म्हणजे "पाण्यात चालणारा" नव्हे, हेही विसरू नका. कोकणातल्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते. कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. एखादा गिऱ्हाईक ससा किंवा रानडुकराच्या शिकारीचे चित्रण करायला बोलावील, पैसेही वाढवून देईल. साफ नकार द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगीवाचून शिकार करणे गुन्हा आहे. प्राण्याला सापळ्यात पकडणे, हाकारा घालणे, एवढेच नव्हे तर तसा प्रयत्न करणे हीसुद्धा कायद्याने शिकारच. तुमची फिल्म पुरावा ठरेल आणि तुम्ही चौकशीत अडकाल. अभयारण्यातील चित्रणालाही वनखात्याची परवानगी आधी काढावी लागते.

आमचा सल्ला साधा आहे. पहिली दोन-तीन कामे भाड्याच्या कॅमेऱ्यावर करा. गिऱ्हाईक जवळचे चित्रण मागतो की लांबचे, ते वहीत लिहा. मग हिशेब मांडा, किती कामांत किंमत वसूल होईल? एका हंगामात होत नसेल तर थांबा, किंवा भरवशाच्या माणसाकडून वापरलेला कॅमेरा तपासून घ्या. सुतार पटाशी घेताना ती कोणत्या लाकडावर चालवायची ते पाहतो, तिची चकाकी पाहत नाही. कॅमेराही आपले हत्यारच आहे.