पेडणे-डिचोलीच्या मुलांना पोर्तुगीज हवी

गोव्यातल्या मोजक्याच शाळांत आता पोर्तुगीज उरली आहे, आणि वसाहतवाद्यांची भाषा गेली हे बरेच झाले असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण राज्यकर्ते गेले तरी त्यांचे दस्तऐवज इथेच राहिले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे गेलेल्या पेडणे-डिचोलीत पोर्तुगीज ही घराघरांतली भाषा कधीच झाली नाही. जमिनीचे कागद मात्र तिच्यात झाले. डिचोली तालुक्यातल्या मये गावच्या कुळांना हक्क देणारा कायदा यायला २०१४ उजाडले. पोर्तुगीज राजवटीत दिलेल्या आल्वारा जमिनींचा प्रश्न तर पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळला. बनावट कागदांवर जमिनी बळकावल्याच्या तपासासाठी २०२२ मध्ये सरकारला विशेष पथक नेमावे लागले. पणजोबांच्या नावचा कागद परक्याकडून वाचून घ्यावा लागतो, तिथे फसवणूक सोपी होते. आणि ही भाषा शिकणे म्हणजे गुलामी मानायची, तर पांडुरंग पिसुर्लेकरांचे काय करायचे? डिचोलीशेजारच्या सत्तरीतल्या पिसुर्ल्यात १८९४ मध्ये जन्मलेल्या या संशोधकाने पोर्तुगीज दफ्तरांतूनच मराठ्यांचा इतिहास उजेडात आणला.

मातृभाषेवर अन्याय होईल, हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. मराठी किंवा कोकणी काढून तिच्या जागी पोर्तुगीज बसवणार असतील तर मीही विरोधच करीन. माझी मागणी आहे ती आठवीपासून जादा विषयाची, शालान्त परीक्षेत गुण मिळणाऱ्या विषयाची. शिकायची गरजच काय, मोबाइल भाषांतर करतो, असेही म्हणतात. ते खरे, पण भाषांतर बरोबर आहे की नाही हे ती भाषा येणाऱ्यालाच कळते, आणि जमिनीच्या दाव्यात एका शब्दाने हक्क फिरतो.

‘मुले हा विषय घेतच नाहीत’ हे शेवटचे उत्तर तर कारण आणि परिणामाची अदलाबदल करते. इंग्लंडमध्ये २००४ पासून चौदा वर्षांपुढच्या मुलांना परकी भाषा ऐच्छिक झाली; फ्रेंचच्या परीक्षेला बसणारे पुढे निम्म्याहून कमी झाले, आणि गळती गरीब वस्त्यांतल्या शाळांत जास्त झाली. महागड्या शाळांनी बहुतांशी भाषा सोडल्या नाहीत. शिक्षकच नसलेल्या विषयाला मागणी येणार कुठून? दर शाळेला स्वतंत्र शिक्षक परवडत नसेल तर चार-पाच शाळांत मिळून एक फिरता शिक्षक सरकारने पगारावर नेमावा. मोपाचा विमानतळ पेडण्यात आला आहे, परदेशी पाहुण्यांशी बोलावे लागणार, तेव्हा फ्रेंचसाठीही हीच सोय करता येईल. पण सुरुवात पोर्तुगीजपासून व्हावी, येत्या आठवीच्या वर्गापासून.