झुंबराचा हिशेब मांडा!

अमरावतीतल्या एका जुन्या वाड्यात शोभेच्या कलांवर व्याख्यान झालं. मग वाडा दाखवला. महिरपी, सागवानी खांबांवरची कमळं, हंड्या, झुंबरं. मी विचारलं, एवढा पैसा आला कुठून? उत्तर आलं, 'आजचा विषय कला आहे.'

साली इथंच मेख आहे!

१८५३ साली निजामानं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला, अन् अकोला-अमरावतीच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लिव्हरपूलच्या बाजारातला 'उमरा' कापूस तो हाच, उमरावतीच्या नावाचा. सावकार, अडते गबर झाले. वेचणाऱ्या मायबाईची बोटं पऱ्हाटीनं सोलली. झुंबर लागलं दुसऱ्याच्याच दिवाणखान्यात.

खांब कोरणारा, चुना मळणारी, तुळया वाहणारा, हे म्हणे 'अनामिक'! अनामिक काहून? नावं होती त्यांना, तुम्ही लिहिली नाहीत. सावकाराच्या कर्जवहीत मात्र तीच नावं बिनचूक उतरली.

वाडा पाडा असं मी म्हणत नाही. ती नक्षी राबणाऱ्या हातांची आहे, म्हणजे आमचीच आहे. पण वारसा दाखवायचा तर अख्खा दाखवा. याच शहरात १३ नोव्हेंबर १९२७ ला इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, अंबादेवीच्या देवळात शिरण्याच्या हक्कासाठी. व्याख्यानात त्याचा शब्द नाही.

नक्षी पाहिली. आता वह्या काढा!