ती वही आईलाही वाचून दाखवा

बालविकास विषय घेतलेल्या अकरावी-बारावीच्या मुली प्रकल्पासाठी शेजारचं दीड-दोन वर्षांचं मूल खेळताना पाहतात. वरळीच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत जागा कुठली? म्हणून मूल पॅसेजमध्ये खेळतं. मुलगी लिहिते, गुण मिळवते, वही कपाटात जाते. माझं म्हणणं एवढंच, की ती वही मुलाच्या आईला वाचून दाखवा.

कारण खेळात बरंच दिसतं. दीड वर्षाचं मूल आधाराशिवाय चालतं, वाटीवर वाटी ठेवतं, हवं ते बोटानं दाखवतं. दोन वर्षांचं ‘आई, पाणी’ असे दोन शब्द जोडतं, रिकाम्या कपातून चहा पिण्याचं सोंग करतं.

मुलींनो, वहीत ‘हुशार’, ‘मंद’ लिहू नका. ‘तीन वाट्या रचल्या, चौथी पडली, हसला’ असं लिहा. जन्मभराचा शिक्का काय करतो, हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको.

आयांनो, मूल एखाद्या दिवशी खेळलं नाही तर घाबरू नका; भूक, झोप असू शकते. पण हाकेला वळत नसेल, दोन वर्षांनीही शब्द जोडत नसेल, येत असलेलं बोलणं बंद झालं असेल, तर ‘बापही उशिरा बोलला होता’ म्हणून थांबू नका. अंगणवाडीताईंना सांगा, पालिकेच्या दवाखान्यात दाखवा, कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अशी तपासणी मोफत आहे. तो आपल्या लेकरांचा हक्क आहे.