जयपूरच्या कोरड्या हवेतला गंज

जयपूरला बदली झाली की सायकलवाले सहकारी हमखास सांगतात, "इथे हवा कोरडी, गंजाची काळजी नको." मे महिन्यापुरतं हे खरं आहे. पण पाऊस जयपूरलाही पडतो, आणि हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की साधं पोलाद गंजू लागतं. वर मीठ बसलेलं असेल तर त्याच्याही आधी. मीठ इथे दोन वाटांनी येतं: घाम आणि बोअरचं पाणी. या भागातलं भूजल बऱ्याच ठिकाणी क्षारांनी भरलेलं आहे. त्या पाण्याच्या पाइपखाली रोज सायकल धुवा. उन्हात पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात.

शिवाय सीटच्या दांड्याच्या फटीतून पाणी आत उतरतं आणि खाली पायडलच्या आसाभोवती साचतं. तिथे बहुतेक फ्रेमना रंग नसतोच. बाहेरच्या रंगाला फुगा येतो तेव्हा नळी आतून बरीच खाल्लेली असते.

खडकवासल्याचा पाऊस गंज लपू देत नाही, त्यामुळे एनडीएत तेलाची चिंधी हाताला सवयीची होते. रायफलच्या बाबतीत तर वादच नाही. पुलथ्रूला चिंधी लावून आपण नळी आतून पुसतो, आतून तेल देतो. मग सायकलला इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी गंजावरच रंगाचा हात का? कारण तपासणारा सीट काढून बघत नाही. माझं स्पष्ट मत आहे, त्याने काढावी आणि आत बोट घालावं. दोन सायकली अशा तपासल्या की बाकीच्यांना आपोआप तेल लागेल.

काम अर्ध्या तासाचं आहे. पावसाळ्याआधी सीटचा दांडा काढा, फ्रेम उलटी टांगून सुकवा आणि रंगाच्या दुकानात मिळणारं बॉइल्ड अळशीचं तेल आत ओता. फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जास्तीचं तेल निथळू द्या. दोनतीन दिवसांत ते सुकून आत पातळ पापुद्रा धरतं. दांडा परत बसवताना ग्रीस लावा. आसाच्या नळीखाली निचऱ्याचं भोक असेल तर ते मोकळं ठेवा. रोज पाइप नको, ओलं फडकं पुरे.

आणि अळशीच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना त्या तापतात, ढिगात आपोआप पेटू शकतात. पाण्यात बुडवा, मगच फेका.