हात न मळलेली मराठी आणि एक झिजलेला लायनर

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून चर्चासत्रांना ऊत आला आहे. 'मराठी ज्ञानभाषा कशी होईल?' हा त्यांचा ठरलेला विषय, आणि परिभाषा घडवावी, कोश अद्ययावत करावेत, शासनाने अनुदान द्यावे ही त्यांची ठरलेली उत्तरे. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. असे ठराव मांडण्यात आणि त्यांना अनुमोदन देण्यात आमचीही उमेदीची वर्षे गेली आहेत. तेव्हा पुढे जी टीका आहे तिच्या पहिल्या रांगेत आम्हीच बसलो आहोत, हे आधीच नमूद केलेले बरे.

गेल्या पावसाळ्यात पाचगणीला असेच एक चर्चासत्र झाले. आमच्यापैकी एकाने निबंध वाचला, दुसऱ्याने समारोप केला. संध्याकाळी दोघे एकाच मोटारसायकलवरून पसरणी घाटाने वाईकडे निघालो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर पायब्रेक पार खाली गेला, तरी गाडीचा वेग काही कमी होईना. पुढच्या ब्रेकवर ओल्या रस्त्यात भिस्त ठेवण्याची हिंमत नव्हती. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, इंजिनाच्या ओढीवर, जीव मुठीत धरून आम्ही खाली आलो. ज्या गावात मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले, ज्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला, त्या गावाकडे ज्ञानभाषेवर बोलून परतणारे दोन प्राध्यापक उतारावर एवढेच जाणत होते की ब्रेक 'लागत नाही'. का लागत नाही, हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

तीन आठवड्यांपूर्वीच गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. बिलावर 'ब्रेक तपासला' अशी नोंद होती आणि आम्ही त्या नोंदीवर विश्वास ठेवला होता. छापील अक्षरावर विश्वास ठेवणे हा आमचा व्यवसायच आहे.

दुसऱ्या दिवशी ज्या गॅरेजात गाडी ढकलत नेली, तेथला मेस्त्री आमचाच जुना विद्यार्थी निघाला; बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी मराठीतच नापास होऊन शिक्षण सोडलेला. त्याने खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, "सर, लायनर संपलाय. नट आवळून आवळून आटेच संपले, आता आवळायला काय ऱ्हायलं? हा बाण बघा, खुणेच्या पार गेलाय." मागच्या चाकाजवळच्या त्या पट्टीवरचा एवढासा बाण गेली सहा वर्षे आमच्या डोळ्यांसमोर होता. त्याने पुढे विचारले, "तुम्हाला कुणी दाखवला न्हाई का?" प्रश्न निरागस होता, म्हणूनच अधिक लागला.

त्या दिवसापासून आम्ही त्याच्याकडे शिकायला बसलो. रविवारी सकाळी दोन तास, असे दोन महिने. जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा वाद त्यावरच उभा आहे.

पेडल दाबले की रॉड ओढला जातो. रॉड चाकाजवळची पट्टी फिरवतो. पट्टीला जोडलेला कॅम ड्रमच्या आत फिरून दोन अर्धगोल शूंना बाहेर लोटतो. शूंवरचा लायनर ड्रमच्या आतल्या बाजूला घासतो आणि गतीची उष्णता होते. लायनर जसजसा झिजतो तसतसे कॅमला अधिक फिरावे लागते, पेडल अधिक खाली जाते. ते वर आणण्यासाठी रॉडच्या टोकाचा नट आवळतात. बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांच्या पुस्तिकांत पेडलची मोकळी हालचाल साधारण २० ते ३० मिलिमीटर असावी असे सांगितलेले असते. म्हणजे नट आवळणे हा झिजेवरचा उपाय नव्हेच. तो झीज तात्पुरती झाकतो. झीज किती झाली हे तो बाण सांगतो. बाण खुणेशी पोहोचला की शू बदलायचे. पुढे आवळत राहिले तर पेडल हाताला चांगले लागते आणि ब्रेक मात्र आतून संपलेला असतो.

नवशिक्याने पहिल्या दिवशी करण्याजोगे काम एवढेच: गाडी डबल स्टँडवर घ्यावी, बाण पाहावा, प्ले मोजावा, नट अर्धा-अर्धा फेरा आवळावा, नटाची खाच पिनेवर नीट बसली का ते पाहावे, चाक हाताने फिरवून ते मोकळे फिरते ना याची खात्री करावी. साखळी ताणल्यावर चाक मागे सरकते आणि ब्रेक आपोआप आवळला जातो, म्हणून त्यानंतर प्ले पुन्हा पाहावा. चाक काढून शू बदलणे ही पुढची पायरी, आणि ती शिकवणाऱ्याच्या नजरेखालीच करावी. आतली भुकटी फुंकायची नाही. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, तेव्हा ओल्या फडक्याने टिपून घ्यायची. कॅमला ग्रीसचे बोट लावायचे, लायनरला त्याचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. ब्रेकच्या झाकणाला जखडून ठेवणाऱ्या दांडीचा नट आणि त्याची स्प्लिट पिन परत घातल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही, कारण ती दांडी सुटली तर ब्रेक दाबताच आख्खे झाकण चाकाबरोबर फिरू लागते. आणि पहिली चाचणी चालण्याच्या वेगाने, मोकळ्या जागेत घ्यायची.

आता वादाकडे येऊ. आमच्या विभागात आम्ही विचारले, ब्रेकला मराठी शब्द काय? तत्काळ उत्तर आले, 'गतिरोधक'. हा शब्द उच्चारताच कोणीही रस्त्यावरच्या उंचवट्याकडे पाहील, याची त्या उत्तराला फिकीर नव्हती. आमच्या परिभाषाकारांची सारी चिंता नामांची आहे. गॅरेजात मात्र नामे बहुतेक इंग्रजी आहेत: ड्रम, शू, लायनर, कॅम, स्प्रिंग. त्यावरून 'पाहा, मराठी मेली' असा गळा काढणे सोपे आहे. पण क्रियापदांकडे कान द्यावा. ब्रेक 'लागत नाही' म्हणजे लायनर झिजला किंवा त्यावर तेल गेले. ब्रेक 'धरून ठेवतो' म्हणजे पाय काढला तरी शू परतत नाहीत, कॅम कोरडा पडला किंवा स्प्रिंग मेली. ब्रेक 'ओरडतो' म्हणजे आत भुकटी साठली किंवा लायनरला चकाकी आली. तीन क्रियापदे, तीन निदाने. आटे 'जातात', ड्रमला चर 'पडतात', चाक 'जाम होते'. यंत्राची वागणूक ओळखण्याचे, कारणापासून परिणामापर्यंत जाण्याचे सारे काम मराठी क्रियापद करते आहे. ज्ञान ज्याला म्हणतात ते याहून वेगळे काय असते? नाम उसने घेऊन भाषा ज्ञानभाषा होऊ शकते. क्रियापद गमावून होऊ शकत नाही. आणि आमच्या निबंधांतली क्रियापदे पाहिली तर 'आहे', 'होय', 'म्हणता येईल' यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

हे ज्ञान लिहिले का गेले नाही? कारण लेखणी एका हातात राहिली आणि पाना दुसऱ्या, आणि मधली भिंत जातीने बांधली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त (१९१५) लोहार, सुतार, कुंभार हे गावाचे बलुतेदार आहेत. त्यांच्या विद्येवर गाव चालतो, पण त्या विद्येला पोथी नाही. संतांनी ही भिंत काही काळ ओलांडली: गोरोबांची माती, नरहरींची भट्टी, सेनाजींचा आरसा थेट अभंगांत आले, कारण ते हातच कवींचे होते. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवले, बेळगावात सायकलींचे दुकान चालवले आणि १९१० साली किर्लोस्करवाडीत नांगरांचा कारखाना उभारला. त्याच वाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि त्यातून मराठी वाचकाला घडवणारे 'किर्लोस्कर' मासिक उभे राहिले. आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांचा एक झरा कारखान्याच्या आवारात उगम पावला आहे, हे आम्ही नियतकालिकांचा इतिहास शिकवताना सनावळीपुरते सांगतो आणि पुढे जातो.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला. तो झिरपत आमच्या शाळेपर्यंत आला तेव्हा त्याचे नाव 'कार्यानुभव' झाले होते, आणि त्या तासाला आम्ही कागदी फुले केली. नंतर आम्हीच नारायण सुर्वे यांचे 'माझे विद्यापीठ' वर्गात शिकवले, श्रमसंस्कृतीवर टिपणे दिली, आणि वर्गाबाहेर आल्यावर गाडी पंक्चर झाली तर हात काळे होतील म्हणून शिपायाला हाक मारली. रॉबर्ट पर्सिग यांच्या मोटारसायकलवरील विख्यात पुस्तकाचे (१९७४) नाव आम्ही वीस वर्षे व्याख्यानांतून घेतले. त्यात एक मित्र आहे. त्याच्या महागड्या गाडीचे हँडल सैल झाले आहे, आणि बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घालून ते घट्ट करता येईल ही कल्पनाच त्याला सोसत नाही. तो मित्र आम्हीच होतो, हे पसरणी घाटात समजले.

यावर तीन आक्षेप आमच्याच सहकाऱ्यांनी घेतले. पहिला श्रमविभागणीचा: ज्याचे काम त्याने करावे. मान्य. परंतु श्रमविभागणीत दोन्ही बाजूंना एकमेकांच्या कामाची पारख करता येते. आम्हाला बिलावरची नोंद खरी की खोटी हे कळत नव्हते. अशा विभागणीला परावलंबन म्हणतात, आणि त्याला आम्ही 'वेळ नाही' असे सभ्य नाव दिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ब्रेक ही जिवाची बाब, तेथे नवशिक्याने प्रयोग करू नयेत. याचा अर्धा भाग आम्ही आदराने स्वीकारतो. डिस्क ब्रेकमधली हवा काढणे किंवा एबीएसच्या यंत्रणेला हात लावणे आम्ही अजून करीत नाही. एप्रिल २०१९ पासून भारतात नव्या दुचाकींना १२५ सीसीवर एबीएस आणि त्याखाली निदान जोडब्रेकची यंत्रणा बंधनकारक झाली. तिथे चूक महाग पडते. मात्र बाण पाहण्यात, प्ले मोजण्यात, डिस्कच्या पॅडची जाडी बघण्यात, ब्रेक ऑइलची पातळी आणि रंग तपासण्यात कोणता जीव जातो? जीव जातो तो न पाहण्याने.

तिसरा आक्षेप मेस्त्रीच्या पोटाचा: सगळेच शिकले तर त्याने काय करावे? त्यालाच विचारले. तो म्हणाला, "सर, ज्याला कळतं ते गिऱ्हाईक येळेवर येतं आणि पैशावरनं भांडत न्हाई."

मेस्त्रीला ऋषी करण्याचाही आमचा इरादा नाही. त्याच्याच शेजारी एक जण कॉम्प्रेसरच्या हवेने ड्रममधली भुकटी उडवतो आणि दिवसभर तीच श्वासात घेतो. 'चालतंय' हा शब्द तिथेही आहे. भुकटीचे ते धोके पुस्तकांत आहेत, पण त्याला परकी वाटेल अशा भाषेत. आमच्या गाडीची पुस्तिका इंग्रजी आणि हिंदीत आली, मराठीत नव्हती. म्हणजे ज्याच्या हातांना अक्षरांची गरज आहे त्याच्यापर्यंत अक्षर पोहोचत नाही, आणि ज्यांच्याकडे अक्षर आहे ते हात मळवत नाहीत. ज्ञानभाषेचा प्रश्न असेल तर तो या दोन टोकांच्या मधल्या जागेचा आहे, आणि तेथे ना समिती पोहोचते ना अनुदान.

आम्ही दोघांनी त्या विद्यार्थ्याबरोबर बसून मागच्या ब्रेकच्या देखभालीची सोळा पानांची पुस्तिका लिहिली आहे. पहिला मसुदा आमचा होता. त्याने तो वाचून निम्मी वाक्ये खोडली. एका परिच्छेदापुढे नुसते लिहिले, 'ह्यातून काय करायचं ते कळत न्हाई'. ज्याला आम्ही मराठीत नापास केले त्याने आमच्या मराठीला दिलेला हा शेरा आम्ही मान्य केला, आणि तो परिच्छेद पुन्हा लिहिला.

पुढच्या ज्ञानभाषा-चर्चासत्राचे निमंत्रण आलेले आहे. आम्ही संयोजकांना कळवले आहे की निबंध वाचणार नाही. सभागृहाबाहेर वक्त्यांच्या दुचाकी उभ्या असतात, त्यांचे बाण तपासू. उत्तर अद्याप आलेले नाही.