बारा जानेवारी मंडळाच्या दिनदर्शिकेत हवी

ग्लासगोच्या पश्चिमेला एल्डर्स्ली नावाचे गाव आहे. स्कॉटलंडचा स्वातंत्र्ययोद्धा विल्यम वॉलेस याचे जन्मगाव म्हणून ते ओळखले जाते. २३ ऑगस्ट १३०५ रोजी इंग्लंडच्या राजाने वॉलेसला लंडनच्या स्मिथफील्डमध्ये हालहाल करून मारले. त्याला सातशे वर्षे होऊन गेली, तरी दर ऑगस्टमध्ये या तारखेच्या आसपासच्या शनिवारी किल्ट घातलेली माणसे एल्डर्स्लीत जमतात, बॅगपाइप वाजवणारे पायपर पुढे होतात आणि मिरवणूक वॉलेसच्या स्मारकापाशी जाते. पुष्पचक्र वाहिले जाते, भाषणे होतात. परक्या सत्तेने मारलेल्या माणसाचे नाव त्याच्याच गावात मोठ्याने घ्यायचे, यासाठी लोक वाट वाकडी करून येतात.

अशा मिरवणुकीत परदेशस्थ मराठी माणसाची नजर आधी पोशाखावर जाते. पण पाहण्यासारखा असतो तो पायपर. पिशवी डाव्या काखेत, तीन लांब नळ्या खांद्यावर. पिशवीवर हात पडला की त्या नळ्यांतून अखंड षड्ज लागतो आणि मग चँटर या नऊ सुरांच्या, बोटांनी वाजवायच्या नळीवर चाल सुरू होते. श्वास घ्यायला तोंड काढले तरी सूर तुटत नाही, कारण कोपराचा दाब पिशवीवर कायम असतो. हे एका उन्हाळ्यात जमत नाही. मुले शाळेच्या वयापासून चँटरवर बोटे घटवतात, मोठी झाली की बँडमध्ये उभी राहतात. मिरवणूक तासाभरात संपते, तिच्यामागे वर्षानुवर्षांची तालीम असते.

पोशाखाचा इतिहासही नीट समजून घ्यावा. कलोडनच्या लढाईत १७४६ साली हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले लोक, हरले आणि त्याच वर्षी संसदेने त्यांच्या पोशाखावर बंदीचा कायदा केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद आणि दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी अशी शिक्षा होती. ही बंदी १ जुलै १७८२ रोजी उठली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधले स्कॉटिश वंशज आजही १ जुलैलाच टार्टन दिन, म्हणजे किल्टच्या चौकड्यांच्या कापडाचा दिन, पाळतात. घराण्याघराण्याचे ठरावीक टार्टन ही मात्र बरीचशी एकोणिसाव्या शतकातली घडण आहे. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा वॉल्टर स्कॉटने उभारलेल्या थाटामाटाने त्या घडणीला जोर चढला. तरीही किल्टला वजन आहे, कारण तो एका तारखेशी आणि एका अन्यायाशी बांधलेला आहे.

अमेरिकेतल्या स्कॉटिश वंशजांनी ६ एप्रिल निवडला. १३२० साली त्या तारखेला स्कॉटलंडच्या सरदारांनी पोपला स्वातंत्र्याचे पत्र लिहिले होते. १९९८ मध्ये अमेरिकी सिनेटने तो दिवस टार्टन दिन म्हणून मान्य केला आणि पुढच्या वर्षीपासून न्यूयॉर्कच्या रस्त्यावर पायपर उतरू लागले. पहिले संचलन अगदी लहान होते, आज ते शहराच्या मोठ्या रस्त्यावरून जाते.

सोलापूरकरांना ६ एप्रिल वेगळ्या कारणाने ठाऊक असायला हवा. १९३० साली याच दिवशी दांडीला गांधीजींनी मीठ उचलले आणि सोलापुरात अण्णासाहेब भोपटकरांच्या हस्ते नगरपालिकेवर तिरंगा चढला. महिन्याभरात गांधीजींना अटक झाली आणि गिरणी कामगारांचे हे शहर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण पडला. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली गेली. नंतरचे काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरात उरलाच नव्हता. मग लष्कर आले, मार्शल लॉ लागला, तिरंगा बाळगणाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले. लिंगायत, मराठा, मारवाडी आणि मुसलमान अशी ही चार घरे होती. कुर्बान हुसेन कामगारांत वावरणारा, ‘गझनफर’ हे पत्र चालवणारा तरुण होता.

सोलापुरात चौघांचे पुतळे आहेत, हुतात्मा चौक आहे, हुतात्मा स्मृती मंदिर आहे. दर १२ जानेवारीला हार घातले जातात. पुणे-सोलापूर गाडीचे नावही हुतात्मा एक्सप्रेस आहे. या गाडीने घरी जाणाऱ्या आणि आता परदेशात स्थायिक झालेल्या किती सोलापूरकरांना चारही नावे एका दमात सांगता येतील? त्यांच्या मुलांना एक तरी नाव माहीत आहे का? परदेशातल्या मराठी मंडळांच्या वर्षभराच्या कार्यक्रमपत्रिकेत संक्रांतीचे हळदीकुंकू असते, गणपती असतो, दिवाळी पहाट असते. संक्रांतीच्या दोन दिवस अलीकडची १२ जानेवारी ही तारीख मात्र कोरी राहते. ही उणीव गंभीर आहे आणि ती भरून काढणे मंडळांच्या हातात आहे.

मिरवणूक कशी काढावी हे सोलापूरला कुणी शिकवण्याची गरज नाही. संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. पहिल्याचा मान हिरेहब्बू घराण्याचा, पुढचे मान वेगवेगळ्या समाजांकडे ठरलेले. शहरभरच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता पडतात. उंच, जड नंदीध्वज कमरेच्या आधाराने पेलायचा म्हणजे खेळ नव्हे. त्याचा सराव काही आठवडे आधी सुरू होतो. हलगी कडाडते, ‘हर्र बोला हर्र’चा गजर होतो, आणि पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सगळे एका रांगेत येतात. कुणाचा मान, कुणाचे काम, कुठे थांबायचे, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेले आहे.

ही यात्रा परदेशात नेता येणार नाही, नेऊही नये. ती ६८ लिंगे सोलापूरच्या मातीत आहेत आणि त्यांच्याशिवाय नंदीध्वज नुसती सजवलेली काठी उरेल. चौघांची आठवण मात्र कुठेही नेता येते. स्कॉटिश लोकांनी वॉलेसचे गाव उचलून नेले नाही, तारीख, वाद्य आणि नाव नेले. यात्रेतून मंडळांनी शिस्त घ्यावी: कामे वाटून देणे, आधी तालीम करणे, ठरल्या वेळी निघणे. ढोल-ताशा पथके परदेशातही ही मेहनत मनापासून करतात. तीच मेहनत एका तारखेशी जोडली गेली तर तिला अर्थ येईल. सोलापूर-अक्कलकोटच्या जाधव घराण्याने जपलेली सुंद्री सनईहूनही लहान असते. मंडळातल्या एखाद्या मुलीने ती शिकायला घेतली तर स्मरणाला स्वतःचा सूर मिळेल.

यावर एक आक्षेप निघेल आणि तो रास्त आहे. स्कॉटिश हायलँडर म्हणजे साम्राज्याचे शिपाईसुद्धा. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून आलेल्यांत ७४ वी आणि ७८ वी हायलँडर पलटण होती. त्यांच्याकडून काय शिकायचे? याच गोष्टीमुळे शिकायचे. ७४ वीचे तिथे भयंकर नुकसान झाले आणि तिच्या वारसांनी असईचा दिवस, असईचे खास निशाण पुढे पिढ्यान् पिढ्या जपले. तोफांपाशी शेवटपर्यंत उभे राहून कापले गेलेल्या आपल्या गोलंदाजांसाठी मराठी माणसाने असा दिवस पाळला नाही. मारणाऱ्यांनी स्मृती राखली, मरणाऱ्यांच्या वारसांनी राखली नाही.

दुसरी अडचण थंडीची सांगितली जाईल. जानेवारीत एडिंबरोत, टोरंटोत रस्त्यावर कोण निघणार? पण स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिनाचे जेवण २५ जानेवारीलाच असते. १८०१ मध्ये त्याच्या काही मित्रांनी ॲलोवेच्या घरात जमून त्याच्या आठवणीत पहिले जेवण घेतले, आणि आज जगभर कडाक्याच्या थंडीत पायपरच्या मागून हॅगिसचे ताट सभागृहात येते. बर्फ पडत असेल तर मंडळाचे सभागृह आहेच.

म्हणून मंडळांच्या कार्यकारिणींना ही विनंती. येत्या १२ जानेवारीला, किंवा त्या आठवड्याच्या शनिवारी, तासभर राखून ठेवा. हलगी वाजवणारा एक जण शोधा. चार मुलांना चार हुतात्म्यांची माहिती आधी वाचायला द्या आणि त्यांनाच सांगू द्या. सोलापूरची कुटुंबे असतील त्यांना पुढे बोलवा, नसतील तरी कार्यक्रम करा. चार तसबिरी, चार हार आणि चार नावे एवढ्यावर पहिले वर्ष पार पडेल.